पहाटेचा मिस कॉल

तांडा, गोरेगावजवळ, जि. हिंगोली
८ जुलै २०२५

शिला बेटा,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलावं तर माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे. मळणी यंत्राजवळ जन्म गेला, आता तू तिकडून बोलतेस आणि मला नुसती घरघर ऐकू येते. तुझी आई, आपली याडी, मधे बसून सांगते, पण ती तिच्या मतलबाचं तेवढंच सांगते. तू शहरात नवीन होतीस तेव्हा आपण पत्रं लिहायचो, तसंच पुन्हा लिहायचं ठरवलं. आपली बोली कागदावर उतरवायची सवय नाही, म्हणून शाळेतली मराठी. सातवीपर्यंतचीच आहे, चुका पोटात घाल.

पाऊस बरा आहे. सोयाबीन वर आलं, हळदीची लागवड उरकली. काळी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाठीच. तुझा भाऊ सुदाम म्हणतो एकीचं नाव शिला ठेवू, फार ओरडते.

परवा गोरेगावच्या पलीकडे जाऊन आलो. थोडं काम होतं.

आता तुला काही विचारायचं आहे. तुझ्या खोलीत अजून कोण राहतं, का एकटीच असतेस? जेवायला चारजणींत बसतेस का ताट खोलीवर नेतेस? दाराला आतून कडी आहे का? असली तर लावत जाऊ नकोस. काहून म्हणून विचारू नको, म्हाताऱ्याचं ऐकावं.

आणि एक कर. रोज सकाळी उठलीस की मला मिस कॉल दे. मी उचलणार नाही. फोनवर तुझा फोटो उजळतो, तेवढा बघतो.

तांड्याचे नरसिंग नायक भेटले की विचारतात, "भावसिंग, पोरगी डॉक्टर कवा व्हनार? औंदा तीजेच्या सणाला तांड्याच्या तोंडाशी बोर्ड लावाचा हाय तिच्या नावाचा." मी मान हलवतो. ऐकू न आल्याचं सोंग मला आता छान जमतं.

फोनकडे बघत बसणारा,
बापू

मुलींचं वसतिगृह, विद्यापीठ
१४ जुलै

बापू,

नमस्कार करते आणि लगेच भांडायला बसते. हा मिस कॉलचा प्रकार मी ओळखला. दहावीला असताना तुम्ही पहाटे दाराच्या फटीतून बघून जायचात, माझा दिवा लागलाय का. मला वाटायचं मी झोपेत असल्याचं तुम्हाला कळत नाही. कळायचं, कारण पाण्याचा तांब्या दाराशी मुद्दाम आपटायचात. तीच हजेरी आता फोनवर घेताय ना? घ्या. उद्यापासून कोंबड्याच्या आधी देते.

काळजी करू नका. काम बराबर चालू आहे. पीएचडीच्या प्रबंधातलं बायकांच्या गाण्यांवरचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय, सर समाधानी आहेत. खोलीत एकटीच आहे, शांतता मिळते. कडीचं काय काढलंत मध्येच? इथे चोऱ्या होत नाहीत.

अभ्यासिकेत मी जागा बदलली. शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली, तिथे बसवत नव्हतं.

नायकांना सांगा, बोर्ड खुशाल रंगवायला टाका. माझ्या नावाच्या शेळीला जरा जास्त पाला घाला.

तुमची,
शिला

तांडा
२१ जुलै

शिला बेटा,

तुझं पत्र तुझ्या याडीने सुदामकडून वाचून घेतलं आणि बोर्डाचं वाक्य नायकांच्या घरी सांगून आली. त्यांनी त्याच दिवशी सेनगावला पत्रा रंगवायला टाकला. तू थट्टेत लिहिलंस का मनापासून, ते मला कळलं नाही. तांड्याला थट्टा कळत नाही, हे तुला माहीत असायला हवं होतं.

मिस कॉल येतो. पण फार आधी येतो, बाहेर अजून अंधार असतो. मी खुश व्हायला पाहिजे. होत नाही. तुला झोप लागते का? अंधारात उठून तू काय करतेस?

शेजारची खुर्ची कुणाची होती, ते लिहिलं नाहीस.

राखी झाली की पोरी नायकांच्या दारात टोपल्यांत गहू पेरतील. गोकुळाष्टमी झाली की ती कोवळी तीज उपटायचा दिवस. त्या दिवसाला ये. कशी असशील तशी ये. का मीच येऊ तिकडे? शहराची मला भीती नाही, मी लहानपणी बैलांमागं परभणीला गेलेला माणूस आहे.

सगळं बराबर आहे असं मला लिहू नकोस. काय आहे ते लिही.

बापू

वसतिगृह
२७ जुलै

बापू,

तुम्ही येऊ नका. वसतिगृहाच्या फाटकाशी कुणाचा बाप उभा दिसला की सगळ्यांना कळतं, या मुलीचं काहीतरी बिनसलंय.

काय आहे ते लिहू म्हणता, तर घ्या. सर समाधानी नाहीत. जुने सर निवृत्त झाले. नव्यांनी सगळं परत मागितलं. गाण्याच्या ओळी सुट्या करा, प्रकार पाडा, तक्ते करा, बाई कोणत्या प्रसंगी रडली ते तळटीपेत टाका. मी लिहून देते, ते परत येतं. आता फाईल उघडते आणि तशीच मिटते. सरांच्या मोटरसायकलचा आवाज मी लांबून ओळखते. तो आला की मागच्या जिन्याने निघून जाते. एकदा बाथरूममध्ये उभी राहिले, ते जाईपर्यंत. तीस वर्षांची बाई आहे मी.

मग सोडत का नाही, असं तुम्ही विचाराल. कुणाच्या तोंडाने सोडू? नायकांनी त्यांच्या लेकीला, पुजाला, बारावीसाठी हिंगोलीला ठेवलं, ते शिलासारखी होईल म्हणून. ती मला लिहिते, "ताई, तुमी झाल्या का मी पन करीन." मी हात हलवत परत आले तर तांडा म्हणेल, पोरी शिकवून हेच होतं, आणि दिवाळीपर्यंत पुजाचं लग्न लागेल. हे तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

आणि तुम्ही लिहिता तीजेला ये. बोर्ड तयार, सण तयार, फक्त डॉक्टर तयार नाही. मला नाही यायचं. रोजची हजेरीही मला झेपत नाही. मिस कॉल बंद करते. राग मानू नका.

शिला

तांडा
२ ऑगस्ट

शिला,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. सुदाम गोरेगावहून पहिल्या जीपने निघालाय. पत्र तुझ्या हातात देऊन तो तिथेच उभा राहील. वाच आणि तुझ्या हाताने एक ओळ लिहून त्याच्याकडे दे. फक्त एक ओळ.

मिस कॉल थांबले. सकाळी मी फोन घेऊन ओट्यावर बसतो. तुझी याडी म्हणते चार्जिंग संपलं असेल. मी बघतो, तर भरलेलं असतं. सुदामने लावला तर तुझा फोन बंद लागतो. बेटा, मी घाबरलो आहे. बापाने असं लिहू नये, पण घाबरलो आहे.

त्या दिवशी मी गोरेगावच्या पलीकडे कामाला गेलो नव्हतो. मातीला गेलो होतो. शेळ्यांच्या बाजारातला माझा दोस्त वैजनाथ तुला आठवत असेल. त्याचा रणजीत तुझ्याच विद्यापीठात होता, तुझ्यासारखंच पुस्तक लिहीत होता. त्याला ॲम्ब्युलन्समधून आणलं. पोराने आपला जीव आपणच संपवला. वैजनाथ रडत नव्हता. माझा हात धरून कानाशी तोंड आणून तेच तेच सांगत होता, "भावसिंग, फोनवर मला म्हन्ला, आबा समदं बराबर हाय. मी म्हन्लं, मंग लवकर उरक बाबा, गाव वाट बघून राहिलं. ह्येच शेवटचं बोललो मी लेकराशी."

आणि मग तुझं पत्र आलं, काम बराबर चालू आहे म्हणून.

म्हणून कडी विचारली. म्हणून मिस कॉल मागितला. हजेरी नव्हती ती. लेकरू सकाळी उठलं, एवढं मला कळावं म्हणून होतं.

सोड ते. आज सोड. बोर्डाचं मी बघतो.

बापू

वसतिगृह
३ ऑगस्ट

बापू,

ही माझ्या हाताची ओळ. मी आहे.

सुदाम समोर बसून पोहे खातोय आणि घास घेता घेता माझ्याकडे बघतोय. फोन मीच बंद करून कपाटात टाकला होता. आता चालू केलाय.

शेजारची खुर्ची रणजीतची होती. गोरेगावहून येताना तो भाजके शेंगदाणे आणायचा आणि टरफलं माझ्या वहीखाली सारायचा. "झालं का?" असं आम्ही रोज एकमेकांना विचारायचो, थट्टेने, कारण गावाकडचे सगळे तेच विचारायचे. त्याने शेवटचं विचारलं तेव्हा मी मान वर न करता म्हणाले, होईल. विभागात त्याच्या फोटोला हार घातला, दुसऱ्या दिवशी सरांनी मला प्रकरण मागितलं. तुम्ही घाबराल म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. मी घाबरेन म्हणून तुम्ही सांगितलं नाही. आपण दोघांनी एकाच मुलाला एकमेकांपासून लपवलं.

तुम्हाला जे विचारायचं धाडस होत नाही त्याचं उत्तर देते. मला मरायचं नव्हतं. पण सकाळ नको वाटायची. झोप नव्हतीच, म्हणून अंधारातच तुम्हाला मिस कॉल देऊन टाकायचे. रणजीतला काय झालं असेल ते मला समजत होतं, आणि आपल्याला ते इतकं नीट समजतंय याचीच भीती वाटायची.

काल सगळं मोहिनीला सांगितलं, माझ्या शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला. तिने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, खऱ्या डॉक्टरीण. त्यांनी गोळी दिली आणि आठवड्याने परत बोलावलंय. मोहिनी तिची गादी माझ्या खोलीत घेऊन आली. कडी लावत नाही.

पण सोडलं तर उरलं काय, तेवढं सांगा. सहा वर्षं गेली बापू. तांड्याच्या तोंडाशी पहिला भेटणारा माणूस विचारेल, काय आणलंस?

शिला

तांडा
७ ऑगस्ट

शिला बेटा,

पत्र गोठ्यात जाऊन वाचलं. पहिली ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि मग पुढे गेलो. शेळ्यांनी मला रडताना बघितलं, त्या कुणाला सांगणार नाहीत.

सकाळचा फोटो परत दिसायला लागला. उजाडल्यावर दिसतो, हे जास्त चांगलं.

मग मी नायकांकडे गेलो. जन्मात त्यांच्यासमोर आवाज वर केला नाही मी.  म्हटलं हळूच कानात सांगावं, पोरगी ते अर्धंच सोडून येणार आहे, बोर्ड लावू नका. सुदाम नंतर म्हणाला, बापू, तुमी हळू म्हन्ता, समद्या तांड्यानं ऐकलं. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. तेव्हा आता इथे सगळ्यांना माहीत आहे, तुला कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

नायक रागावले नाहीत. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "मंग येवढं शिकून काय भेटलं तिला?"  तसाच परतलो.

वाटेत पोरी वारुळाची माती आणत होत्या, तीजेच्या टोपल्यांसाठी. तिथे मला उत्तर सुचलं, पण परत जायची हिंमत झाली नाही. म्हणून ते तुला लिहितो. आपल्या पोरी दर श्रावणात गहू पेरतात. रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात, उन्हापासून जपतात. आणि ओंबी यायच्या कितीतरी आधी आपल्याच हाताने उपटतात. बापाच्या, भावाच्या पागोट्यात खोवतात, बाकीचा ओढ्यात सोडतात. तेव्हा कुणी विचारतं का, दाणे किती झाले? कुणी म्हणतं का, एवढं पाणी वाया गेलं? पेरताना सगळ्यांना माहीत असतं की ते पोत्यात भरायला नाही. मी आजवर पागोट्यात तीज खोवून घेतली आणि कधी असा विचार केला नाही.

तुझं तसंच आहे का, मला सांगता येणार नाही. मी सातवी शिकलो. पण तू म्हाताऱ्या बायकांजवळ जाऊन बसायचीस आणि घरी येऊन मला हातवारे करून त्यांची गाणी समजावायचीस, तेव्हा तुझं तोंड उजळायचं. गेली दोन वर्षं ते मी बघितलं नाही.

एक वाईट गोष्टही सांगतो. पुजाची पेटी हिंगोलीहून परत आली आहे. म्हणजे तुझी भीती खोटी नव्हती. लपवायचं आपण बंद केलं म्हणून लिहिलं. तरी ये.

बापू

वसतिगृह
१३ ऑगस्ट

बापू,

पुजाच्या पेटीचं वाचून मी अर्ज फाडला होता. मोहिनीने नवा कागद आणून समोर ठेवला आणि म्हणाली, "पुजासाठी तू अजून किती वर्षं घाबरणार?" नोंदणी रद्द करण्याचा अर्ज काल दिला. सही करताना हात इतका कापला की कचेरीतल्या कारकुनांनी वर बघितलं, मग पंखा बंद केला. त्यांना वाटलं मला थंडी वाजतेय.

सर म्हणाले, एवढी वर्षं वाया घालवलीस. मी उभी राहिले, मागच्या जिन्याने गेले नाही. तुमचं गव्हाचं उत्तर तोंडावर आलं होतं, पण सरांना नाही सांगितलं. त्यांनी त्याचीही तळटीप मागितली असती.

खोली आवरताना मी रेकॉर्डिंग ऐकत बसले. किती दिवसांनी नुसती ऐकली. प्रबंधासाठी ऐकायचे तेव्हा कुठे कापायचं तेवढंच कानाला कळायचं. यातल्या कितीतरी बायका आता नाहीत. नायकांची आईसुद्धा नाही. सगळे आवाज फोनमध्ये भरून घेतलेत. बाकी हातात काही नाही.

रविवारी तीज उपटायच्या दिवशी येते. सेनगावपर्यंत ठीक आहे. पण गोरेगावला जीपमधून उतरल्यावर माझा पाय पुढे पडेल असं वाटत नाही. तुम्ही तिथे उभे राहा. काही बोलू नका.

शिला

घर, मधली खोली
१७ ऑगस्ट

बापू,

तुम्ही भिंतीपलीकडे बसला आहात आणि मी पत्र लिहितेय. सुदाम हसतोय. पण आज नायकांच्या दारात जे बोलणं झालं ते तुम्हाला ऐकू आलं नाही. ओरडून सांगितलं तर पुन्हा अख्खा तांडा ऐकेल.

गोरेगावला तुम्ही बॅग घेतलीत आणि खरंच काही बोलला नाहीत. तुमचे हातही माझ्यासारखे कापत होते. ते बघून मला चालता आलं.

नायकांच्या दारात गेलो तेव्हा बायका एकमेकींकडे सरकल्या. त्या कुजबुजत होत्या ते लिहीत नाही, ते ऐकण्यासारखं नव्हतं. माझ्या नावाचा बोर्ड तुम्ही बघितलात ना? पत्रा पालथा घालून त्यावर टोपल्या मांडल्या होत्या. मला पळून जावंसं वाटलं. मागचा रस्ताही मी बघून ठेवला होता.

मग पोरी गात होत्या आणि मधेच अडल्या. उपटण्याआधी तीजेला निरोप देतात ते जुनं गाणं, पुढचं कडवं कुणालाच येईना. मला येत होतं, पण गायले असते तर सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या असत्या. म्हणून मी फोन काढला आणि नायकांच्या आईचं रेकॉर्डिंग लावलं. तेव्हा नायक उठून माझ्या अंगावर आल्यासारखे आले आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. ते रागावले नव्हते, बापू. ते म्हणाले, "बंद नको करू." गाणं संपलं तर म्हणाले, "आजून एकडाव लाव." मग तिथेच खाली बसले.

नंतर त्यांनी मला विचारलं, "पुजा शिकली तर तिला ह्ये असं काही येईल का?" हो म्हणणं सोपं होतं. मी म्हणाले, "माहीत नाही, काका. तिला भीतीपण वाटेल. वाटली तर तिला घरी येता आलं पाहिजे." त्यांनी मागे वळून पुजाकडे बघितलं. उठताना म्हणाले, "सन झाला का सोडून येतो तिला हिंगोलीला. बोर्ड मातर पालथाच राहू दे." पुजा मागे उभी होती. तिने माझ्या हातात तीज दिली. ती मी तुमच्या पागोट्यात खोवली तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, ही कशाला रडतेय. त्याचं कारण हे होतं.

भीती गेलेली नाही. संध्याकाळी दूधवाल्याची मोटरसायकल वाजली तर मी मागच्या दारापर्यंत गेले होते. याडीने बघितलं आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. गोळ्या चालू आहेत. मोहिनी रोज फोन करते.

एक विचारायचं आहे. एका रेकॉर्डिंगमध्ये म्हातारी गात असताना मागे रणजीत हसतो. त्या दिवशी तो माझ्यासोबत आला होता. ते वैजनाथकाकांना ऐकवावं का? मला ठरवता येत नाही. तुम्ही सांगा.

उद्या फोन उशाशी ठेवा. एका छपराखाली असलो तरी मी मिस कॉल देणार आहे.

शिला

घर, ओटा
१८ ऑगस्ट

शिला बेटा,

वैजनाथकडे परवा जाऊ. आधी त्याच्याजवळ बसू. त्याने मागितलं तर ऐकवू.

आज सकाळी दिसलीस.

बापू